घरी नर्स लागेल की मावशी? केस मॅनेजर कसं ठरवते आणि कागद काय लागतात

सासूबाईंना हॉस्पिटलमधून भांडुपला घरी आणायचं ठरलं तेव्हा आम्हाला वाटलेलं एक फोन केला की बाई येईल. तसं नसतं हो. होमकेअरवाले आधी केस मॅनेजर पाठवतात आणि नर्स की मावशी, बारा तास की चोवीस तास, हे ती बघून ठरवते. ती आजाराच्या नावावर फार जात नाही, पेशंटला स्वतःचं स्वतः काय जमतं ते बघते, म्हणून पॅरालिसिस आहे म्हटलं की नर्सच मिळेल असं नाही.

कागद आधी. डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची चिठ्ठी, शेवटचे रिपोर्ट, पेशंटचं आणि सही करणाऱ्या नातेवाईकाचं आधार, मेडिक्लेम असेल तर पॉलिसीची कॉपी. नाकातली नळी, कॅथेटर, ऑक्सिजन किती लिटर, ड्रेसिंग किती दिवसांनी, हे डिस्चार्ज कार्डवर नसेल तर वॉर्डातून निघायच्या आधीच लिहून घ्या. आम्ही विसरलो, मग दुसऱ्या दिवशी मिस्टर सुट्टी टाकून अर्धा दिवस ओपीडीच्या लाइनीत.

आता व्हिजिट. केस मॅनेजर बाईंनी आल्याआल्या विचारलं, आजी बाथरूमला एकट्या जाता का? सासूबाई ठणकावून म्हणाल्या, जाते की! बाई म्हणाल्या, चला दाखवा. उठतानाच पलंगाची कड दोनदा धरली आणि बाथरूमच्या दारातून वॉकर आडवा घातला तरी आत जाईना. बस्स, तिथेच ठरलं की रात्रीही माणूस पाहिजे. म्हणून सांगते, पाहुण्यांसमोर झाकतो तसं इथे झाकू नका, पेशंट जेवढा ठणठणीत दाखवाल तेवढे तास कमी लिहिले जातात.

त्या बार्थेल इंडेक्स नावाचा तक्ता भरतात. खाणं, आंघोळ, कपडे, लघवी-शौचावर ताबा, जिने चढणं वगैरे 10 गोष्टी, एकूण 100 मार्क, जितके कमी तितका आधार जास्त. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी बेडसोअरचा, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांचा, वेगळा ब्रेडन स्केल असतो, 23 पैकी 18 किंवा खाली आला की धोका, मग कूस बदलायचं वेळापत्रकच लिहून देतात.

आंघोळ, भरवणं, डायपर, हात धरून चालवणं एवढंच असेल तर मावशी पुरते. शिरेतून इंजेक्शन, घशाच्या नळीचं सक्शन (कफ ओढून काढणं), खोल जखमेचं ड्रेसिंग असेल तर शिकलेली नर्सच, तिथे पैसे वाचवायला जाऊ नका. औषध बदलायचा अधिकार मात्र केस मॅनेजरला नसतो, ते उपचार करणारे डॉक्टरच करणार. आणि पेशंटची तब्येत घरी सांभाळण्यासारखी नसेल तर चांगली केस मॅनेजर सरळ नाही म्हणते, राग मानू नका.

मेडिक्लेमचं बघा, डोमिसिलिअरी म्हणजे घरी केलेले उपचार बहुतेक पॉलिसीत तेव्हाच धरतात जेव्हा पेशंटला हलवणं शक्य नसतं किंवा हॉस्पिटलमध्ये बेड मिळत नाही, आणि उपचार 3 दिवसांपेक्षा जास्त चालतात. मावशीचा पगार त्यात निघेल या भरवशावर राहू नका, आधी विचारून लेखी घ्या.

पहिला प्लॅन कायमचा नसतो. पडणं, ताप, खाणं कमी होणं असं काही झालं की फोन करून परत तपासणी मागायची. आम्ही एका वहीत रोजची लघवी, जेवण, बीपी लिहून ठेवायचो, महिन्याभराने तीच वही बघून बाईंनी रात्रीची मावशी बंद केली.