मॅल्व्हर्न (युद्धनौका)

मॅल्व्हर्न : अमेरिकन यादवी युद्धातील (१८६१–६५) उत्तरेकडील राज्यांच्या नौदलाची एक युद्धनौका. त्याआधी ती ‘एला अँड ॲनी’ या नावाने दक्षिणेकडील बंडखोर राज्यांसाठी नाकेबंदी चुकवून मालाची ने-आण करी. लोखंडी बांध्याची, दोन्ही अंगांना चाके असलेली ही आगबोट १८६० मध्ये डेलावेअरमधील विल्मिंग्टन येथे बांधली गेली. तिचे मूळ नाव ‘विल्यम जी. ह्यूज’. एप्रिल १८६१ मध्ये न्यू ऑर्लीन्स बंदरात लुइझियानाच्या गव्हर्नरने ती ताब्यात घेतली.

दक्षिणेत कापूस अमाप होता, पण शस्त्रे बनवणारे कारखाने थोडे. म्हणून उत्तरेने बंदरे रोखताच बर्म्युडा बेट, बहामातील नासाऊ यांसारख्या ठिकाणांहून चोरटी वाहतूक सुरू झाली. कापूस बाहेर नेला जाई आणि बंदुका, सोरा, मीठ आत आणले जाई. याच नाकेबंदीने इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कडाडले.

९ नोव्हेंबर १८६३ रोजी बर्म्युडाहून येणारी एला अँड ॲनी नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, न्यू इनलेटजवळ, ‘निफॉन’ या पहाऱ्यावरील नौकेला आडवी आली. सुटकेची वाट नाही हे दिसताच कॅप्टन बोनो याने आगबोट थेट निफॉनवर घातली. निफॉन चपळाईने वळली, त्यामुळे धडक ओझरती बसली. मग निफॉनने जवळून छर्ऱ्यांचा मारा केला आणि तिच्या खलाशांनी आगबोटीवर चढून ती काबीज केली. व्यापारी बोटीने युद्धनौकेवर चाल करणे हे धाडस विलक्षणच म्हटले पाहिजे.

नौदलाला अशा बोटी हव्याच होत्या. वेगाने पळणाऱ्यांना गाठायचे तर तितकाच वेग हवा, आणि चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. डिसेंबरमध्ये दक्षिणेच्या समर्थकांनी ‘चेसापीक’ ही प्रवासी आगबोट पळवली, तेव्हा एला अँड ॲनी घाईघाईने सज्ज करून शोधाला धाडण्यात आली. १७ डिसेंबरला नोव्हा स्कोशियातील सांब्रो बंदरात तिने चेसापीक परत मिळवली. मात्र ते पाणी ब्रिटिशांचे असल्याने राजनैतिक तंटा उभा राहिला.

१८६४ च्या सुरुवातीस तिला पुन्हा नौदलात घेण्यात आले, ते मॅल्व्हर्न या नव्या नावाने. पुढे ती रिअर ॲडमिरल डेव्हिड पोर्टरची ध्वजनौका झाली. जानेवारी १८६५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील दक्षिणेचा फिशर किल्ला पडल्यावर विल्यम कुशिंग या उत्तरेच्या नौदल अधिकाऱ्याने दक्षिणेचे वाटाड्या दिवे मुद्दाम पेटते ठेवले. किल्ला पडल्याची वार्ता नसलेल्या ‘स्टॅग’ आणि ‘शार्लट’ या दोन बोटी त्या उजेडात बिनघोर आत शिरल्या, आणि मॅल्व्हर्नच्या हाती लागल्या.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेची राजधानी रिचमंड येथे जाताना राष्ट्राध्यक्ष लिंकन या नौकेवर मुक्कामाला होते. त्यांच्या उंचीला बिछाना अपुरा पडला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सुतारांकडून तो वाढवून घेतल्याचे पोर्टरने आठवणींत सांगितले आहे.

युद्ध संपल्यावर, ऑक्टोबर १८६५ मध्ये, ती विकली गेली. मूळ नाव घेऊन तिने जवळजवळ तीस वर्षे व्यापारी फेऱ्या केल्या. १८९५ मध्ये क्यूबाच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटून ती फुटली.