सबवूफर आणि मुख्य स्पीकरची जुळवणी

घरातील श्रवणकक्षात सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, वेगळा ओळखू न येता त्याचा खर्ज मुख्य स्पीकरांच्या आवाजात मिसळून जावा, यासाठी केलेली मांडणी व समायोजन. कोणत्या कंप्रतेखालचा (सेकंदातील कंपनसंख्येखालचा) आवाज सबवूफरने वाजवायचा, ही दोघांमधली सीमा क्रॉसओव्हर नावाचे विभाजक मंडल ठरवते. ती बहुधा ८० हर्ट्झच्या आसपास ठेवतात. बरीच वर नेल्यास खर्ज कोणत्या कोपऱ्यातून येतो ते कानाला कळू लागते.

अवघड भाग सीमेलगतच्या पट्ट्यात असतो, कारण तिथे दोन्ही स्रोत एकाच वेळी वाजतात. ८० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४.३ मीटर असते. एका स्रोताचा ध्वनी दुसऱ्याच्या निम्मी तरंगलांबी, म्हणजे जवळपास ६ मिलिसेकंद, मागे राहिला की दोन्ही एकमेकांना खोडतात आणि नेमका तिथला बास गळतो. यावर सबवूफरचा आवाज वाढवण्याचा मोह होतो, पण त्याने खालचा खर्ज घुमू लागतो आणि खड्डा नीट भरत नाही. उपाय फेज (तरंगाच्या चढउताराची सापेक्ष स्थिती) किंवा विलंब बदलण्यात आहे. सबवूफरमधील डिजिटल प्रक्रियेमुळे त्याचा आवाज उशिरा निघतो, तेव्हा मुख्य स्पीकरांचाच आवाज तेवढा उशिरा सोडावा लागतो. नेमका विलंब शोधायला एक जुनी युक्ती उपयोगी पडते: सबवूफरची ध्रुवता (धन-ऋण जोडणी) उलटी करायची, सीमेच्या कंप्रतेचा स्वर वाजवायचा, तो ऐकण्याच्या जागी सर्वांत क्षीण होईल तिथे फेज किंवा विलंब पक्का करायचा आणि ध्रुवता पुन्हा सरळ करायची. कमाल पातळीपेक्षा असा खोल खड्डा पकडणे कानाला सोपे जाते.

यात खोलीचाही मोठा हात असतो. ५ मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झच्या जवळ स्थायी तरंग, म्हणजे भिंतींवरील परावर्तनाने जागच्या जागी कंप पावणारा तरंग, तयार होतो. भिंतीपाशी तो स्वर फुगतो, मधोमध जवळजवळ ऐकूच येत नाही. इक्वलायझरने (ठरावीक कंप्रतेचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) फुगवटा उतरवता येतो. खड्ड्यात मात्र कितीही शक्ती ओतली तरी परावर्तित लहर तितकीच वाढून ती खोडते. म्हणून आधी जागा शोधावी: सबवूफर श्रोत्याच्या खुर्चीवर ठेवून बास वाजवायचा आणि भिंतीकडेने रांगत तो सर्वांत समतोल कुठे ऐकू येतो ते पाहून सबवूफर तिथे ठेवायचा. हे हास्यास्पद दिसते, पण चालते, कारण ध्वनिस्रोत आणि श्रोता यांच्या जागांची अदलाबदल केली तरी बासच्या पट्ट्यात मिळणारा प्रतिसाद जवळपास तोच राहतो. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवले, तर त्या दिशेचा पहिला स्थायी तरंग बराच दबतो आणि शेजारच्या खुर्च्यांवरही खर्ज सारखा मिळतो.