अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, मग ट्रेलर कशानेही घासा? थांबा जरा!

जुन्या एअरस्ट्रीमसारख्या चकचकीत ट्रेलरबद्दल, म्हणजे गाडीमागे ओढायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या फिरत्या घरांबद्दल, एक समज वर्षानुवर्षं फिरतोय, की अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही म्हणून ओव्हन क्लीनर मारा, स्टील वूलने, म्हणजे बारीक लोखंडी तारांच्या घासणीने, घासा, काही बिघडत नाही. बिघडतं हो! लाल गंज चढत नाही हे खरं, कारण हवेतल्या ऑक्सिजनमुळे वर ऑक्साइडचा पातळ थर बनतो आणि तोच आतल्या धातूला सांभाळतो, पण कॉस्टिक सोडा असलेला ओव्हन क्लीनर आधी हा थर खातो, मग खालचा धातू, आणि पत्रा काळपट पडतो. स्टील वूलचं तर विचारूच नका, लोखंडाचे बारीक कण पत्र्यात रुतून बसतात आणि ओल लागली की तिथेच डाग, खड्डे. त्यात बऱ्याच जुन्या ट्रेलरचा पत्रा अल्क्लॅड असतो, म्हणजे मजबूत मिश्रधातूवर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर, तो घासून गेला की गेला, परत येत नाही.

धुवायला पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, बस. पॉलिश करायचंच असेल तर वर जुना क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप, आहे का ते आधी बघा, असेल तर तो काढल्याशिवाय नुसता घाम गळेल. वॅक्स सगळ्यात शेवटी.