डिफेन्सिव्ह रिअलिझम आणि ऑफेन्सिव्ह रिअलिझम: किती ताकद पुरे?

आंतरराष्ट्रीय राजकारणातला रिअलिझम म्हणजे वास्तववाद म्हटलं की आजकाल लोकांच्या डोळ्यासमोर एकच माणूस येतो, अमेरिकन अभ्यासक जॉन मिअरशायमर, कारण त्यांची लेक्चर्स यूट्यूबवर सगळीकडे फिरतायत. त्यातून असा समज पक्का झालाय की ते जे बोलतात तोच रिअलिझम. यूपीएससीला पीएसआयआर (राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध) ऑप्शनल घेतलेली मुलंसुद्धा "रिअलिस्टांच्या मते राष्ट्रं सतत सत्ता वाढवत राहतात" असं एका ओळीत लिहून मोकळी होतात. पण रिअलिस्टांमधलाच एक मोठा गट याच्या बरोबर उलट सांगतो, आणि हा फरक कळला नाही तर इतिहासही चुकीचा वाचला जातो आणि आजच्या बातम्याही.

मिअरशायमर यांचा गट तो ऑफेन्सिव्ह, उलट सांगणारा तो डिफेन्सिव्ह. आधी दोघांमध्ये सारखं काय ते बघू, कारण घोळ तिथेच होतो. राष्ट्रांच्या वर कोणी नाही, ना पोलीस ना कोर्ट, संयुक्त राष्ट्रसंघ आहे पण सुरक्षा परिषदेत पाच जणांकडे व्हेटो आहे त्यामुळे त्या पाचांना कोण आवरणार. शेजाऱ्याच्या मनात आज काय आहे आणि 10 वर्षांनी काय असेल हे कुणालाच खात्रीने कळत नाही, आणि प्रत्येकाला सगळ्यात आधी टिकून राहायचंय. इथपर्यंत डिफेन्सिव्ह गटाचे केनेथ वॉल्ट्झ आणि ऑफेन्सिव्ह गटाचे मिअरशायमर हातात हात घालून चालतात. दोघंही स्ट्रक्चरल रिअलिस्ट, दोघांच्या मते भांडणाचं मूळ माणसाच्या स्वभावात नसून या रचनेत आहे. (स्वभावाकडे बोट दाखवणारे हान्स मॉर्गेंथाऊ, त्यांचं गाजलेलं पुस्तक 1948 चं, तो क्लासिकल रिअलिझम, तो आज बाजूला ठेवू.)

फाटा फुटतो तो पुढच्या पायरीवर. टिकून राहायला ताकद लागते हे ठीक, पण किती?

वॉल्ट्झ यांचं 1979 चं पुस्तक सांगतं की राष्ट्राला शेवटी हवी असते ती सुरक्षा, ताकद हे फक्त तिचं साधन, आणि साधन गरजेपेक्षा जास्त झालं की तेच अंगावर येतं, कारण तुम्ही फार मोठे व्हायला लागलात की बाकीचे घाबरून एकत्र येतात. यालाच सत्तासंतुलन म्हणतात. याच्या जोडीला रॉबर्ट जर्विस यांनी 1978 मध्ये सिक्युरिटी डायलेमा म्हणजे सुरक्षेचा पेच फार नीट उलगडून दाखवला. समजा दोन शेतकरी बांधाला बांध लावून आहेत आणि गावात तलाठी नाही, पोलीस पाटील नाही, कोर्ट तर नाहीच, मग एकाने जनावरं आत येऊ नयेत म्हणून तारेचं कुंपण घातलं तरी दुसऱ्याला वाटतं हा आता बांध सरकवणार, म्हणून तोही चार माणसं जमवतो, ते बघून पहिला आणखी घाबरतो, आणि सुरुवातीला दोघांच्याही मनात काही नव्हतं. जर्विस पुढे असंही म्हणतात की हा पेच नेहमी सारखाच घट्ट नसतो. हल्ला सोपा की बचाव सोपा, आणि समोरच्याची शस्त्रं बघून ती हल्ल्याची की बचावाची हे ओळखता येतं का, यावर तो सैल किंवा घट्ट होतो. बचाव सोपा असेल तर थोडक्या ताकदीत भागतं.

मिअरशायमर यांचं 2001 चं पुस्तक म्हणतं, पुरेसं असं काही नसतंच. उद्या शेजारी किती मोठा होईल माहीत नाही, मग आज मोजून मापून थांबायचं कशाच्या भरवशावर? म्हणून महासत्ता संधी मिळेल तिथे ताकद वाढवणार आणि आपल्या भागात आपल्याला कोणी विचारणारं उरू नये इथपर्यंत जाणार. सगळ्या जगावर राज्य करणं मात्र त्यांच्याही मते अशक्य, कारण समुद्र ओलांडून सैन्य नेऊन जिंकणं फार अवघड. म्हणून आपल्या प्रदेशात वर्चस्व मिळवायचं आणि दुसऱ्या प्रदेशात तसं कुणाला मिळवू द्यायचं नाही.

आता हे एका खऱ्या उदाहरणावर लावून बघू, आणि त्यासाठी मला जर्मनीइतकं चांगलं उदाहरण दिसत नाही. 1871 मध्ये जर्मनी एक झाला, फ्रान्सकडून अल्सास-लोरेन हा सीमेवरचा प्रांत घेतला, आणि त्यानंतर जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क थांबला. युरोपातली सगळ्यात भारी फौज हाताशी असताना त्याने पुढची वीस वर्षं करार करण्यात घालवली, 1879 मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीशी, 1887 मध्ये रशियाशी गुपचूप, एकच हेतू, की फ्रान्सला जोडीदार मिळू नये. 1890 मध्ये कैसर म्हणजे जर्मन सम्राट विल्हेल्म दुसरा याने त्याला घरी बसवलं, रशियाबरोबरचा करार पुढे चालू ठेवला नाही, आणि 1894 पर्यंत रशिया फ्रान्सच्या बाजूला गेलासुद्धा. मग 1898 आणि 1900 चे आरमाराचे कायदे आले, मोठ्या युद्धनौका बांधायला घेतल्या, त्यामुळे ब्रिटन बिथरलं, आणि ज्या फ्रान्स-रशियाशी त्याचं जगभर वाजत होतं त्यांच्याशीच त्याने 1904 आणि 1907 मध्ये मिटवून घेतलं. डिफेन्सिव्हवाले म्हणतात बघा, बिस्मार्क थांबला तेव्हा जर्मनी सुरक्षित होता आणि विल्हेल्म ताकद वाढवत गेला तेव्हा वेढला गेला. ऑफेन्सिव्हवाले म्हणतात, बिस्मार्क थांबला कारण 1871 नंतरचा जर्मनी आणखी पुढे जाण्याइतका मोठा नव्हता, 1900 चा जर्मनी लोकसंख्येने, पोलादाने, कारखान्यांनी मोठा झाला होता आणि मोठं झालेलं राष्ट्र हातपाय पसरणारच, खुर्चीवर कोण बसलंय हा मुद्दा गौण.

ऑफेन्सिव्ह बाजूचं सगळ्यात दणकट उदाहरण मात्र अमेरिका. 1803 मध्ये फ्रान्सकडून लुइझियाना विकत घेऊन देश दुप्पट केला, 1823 मध्ये मन्रो डॉक्ट्रिन काढून युरोपला सांगितलं की इकडे नव्या वसाहती करू नका, 1846 ते 48 च्या युद्धात मेक्सिकोचा प्रचंड मुलूख घेतला, 1898 मध्ये स्पेनला क्युबातून हाकललं. आणि याविरुद्ध आजूबाजूच्या देशांची आघाडी उभी राहिलीच नाही, मग जास्त ताकद अंगावर येते हा नियम इथे कुठे गेला?

दोन्हीकडे भोकं आहेत. ऑफेन्सिव्हला विचारायचा प्रश्न असा, की 1905 मध्ये रशिया जपानकडून हरून आणि घरच्या बंडाने मोडून पडला होता, जर्मनीला याहून चांगली संधी मिळणार नव्हती, मग त्याने हल्ला का नाही केला? डिफेन्सिव्हची अडचण याहून खोल आहे असं मला वाटतं. जर व्यवस्थाच संयम शिकवते तर जर्मनी आणि जपान शिकले का नाहीत? उत्तर द्यायला त्यांना देशाच्या आत शिरावं लागतं, जसं याच गटातले अभ्यासक जॅक स्नायडर यांनी 1991 मध्ये दाखवलं, की लष्कर, उद्योगपती, जमीनदार असे गट आपापसात देवाणघेवाण करतात आणि साम्राज्याची स्वप्नं लोकांच्या गळी उतरवतात. हे स्पष्टीकरण मला पटतं, पण ते मान्य केलं की सगळं वरच्या रचनेवरून कळतं हा मूळ दावा ढिला पडतो.

आणि एक गैरसमज अगदी काढून टाकायला हवा. ऑफेन्सिव्ह रिअलिस्ट म्हणजे युद्धखोर आणि डिफेन्सिव्ह म्हणजे शांतताप्रिय, असं अजिबात नाही. सप्टेंबर 2002 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये 33 अभ्यासकांनी पैसे भरून जाहिरात दिली की इराकशी युद्ध अमेरिकेच्या हिताचं नाही, त्यात वॉल्ट्झ, जर्विस होते आणि मिअरशायमरही होते. उलट 2012 मध्ये इराणकडे अणुबॉम्ब आला तर पश्चिम आशिया जास्त स्थिर होईल असं लिहिणारे वॉल्ट्झ होते, डिफेन्सिव्ह गटात मोजले जाणारे. युक्रेनवर बोलताना तर मिअरशायमर यांचा मुख्य मुद्दा असा, की 2008 च्या बुखारेस्ट बैठकीत नाटोने युक्रेनला पुढे सदस्य करू म्हटलं आणि त्या भीतीपोटी रशिया पेटला. हे तर्कशास्त्र थेट सिक्युरिटी डायलेमाचं आहे. म्हणून वक्ता कोण हे बघून लेबल लावू नका, मुद्दा कुठला ते बघा.

आपल्याकडे हे सगळं लडाखला येऊन भिडतं. दरबुक ते दौलत बेग ओल्डी हा 255 किलोमीटरचा रस्ता आपण बांधला तो आपल्या चौक्यांपर्यंत पोचायला, चीनला तो पुढे सरकण्याची तयारी वाटू शकतो, आणि त्यांचे रस्ते आपल्याला तसेच दिसतात. डिफेन्सिव्ह नजरेने बघितलं तर चीनबरोबरचे 1993 आणि 1996 चे सीमेबद्दलचे करार किंवा ऑक्टोबर 2024 ची गस्तीबद्दलची सहमती हे खरंच कामाचे उपाय आहेत. ऑफेन्सिव्ह नजरेने हे फक्त वेळ काढणं, चीन जितका श्रीमंत होईल तितका दाबणार आणि 2020 चं गलवान ही त्याचीच झलक. मला स्वतःला डोंगरात पहिली नजर जास्त पटते, कारण तिथे तयार बसलेल्या फौजेवर चढून जायला कितीतरी जास्त माणसं लागतात (1962 ला चीन घुसला, पण तेव्हा आपली तयारीच नव्हती) आणि थोडक्या ताकदीत बचाव होऊ शकतो. हिंदी महासागरात मात्र 2017 मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीला चीनचा पहिला परदेशी लष्करी तळ झाला, त्याच वर्षी श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर 99 वर्षांच्या भाडेकरारावर चिनी कंपनीकडे गेलं, आणि समुद्रावर डोंगरासारखी आडवी भिंत नसते, तिथे मी दुसरी नजर सोडायला तयार नाही.