कारागिरीचे कृपादान

हाताचे कसब आणि नवे घडवण्याची कल्पकता या पवित्र आत्म्याने दिलेल्या देणग्या आहेत, अशी ख्रिस्ती धर्मविचारातील एक धारणा. कृपादान, म्हणजे आत्म्याची अशी देणगी, म्हटले की संदेश देणे, रोग बरे करणे, अन्य भाषा बोलणे हेच आधी आठवते. कारागिरीचा उल्लेख झालाच तर शेवटी होतो. बायबलमधला क्रम मात्र वेगळा आहे.

बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात देव इस्राएलांचा नेता मोशे याला सांगतो, की यहूदा वंशातील उरीचा मुलगा बसालेल याला मी नाव घेऊन बोलावले आहे आणि आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले आहे. कशासाठी, तर सोने, रुपे व पितळ यांचे काम, रत्ने जडवण्यासाठी पैलू पाडणे आणि लाकडावरचे कोरीवकाम यांसाठी. देवाच्या आत्म्याने भरलेला असे ज्याच्याविषयी बायबलात नावानिशी प्रथम म्हटले आहे, तो संदेष्टा नाही की याजक नाही, कारागीर आहे. जोडीला दान वंशातला अहलियाब, कोरीवकाम आणि निळ्या-जांभळ्या-किरमिजी सुताच्या भरतकामात तरबेज. निवासमंडप (इस्राएलांचे तंबूवजा उपासनास्थान), कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी), दीपवृक्ष, याजकांची वस्त्रे हे सारे त्यांच्या देखरेखीखाली झाले. त्यासाठी त्या काळच्या वजनांत २९ किक्कार ७३० शेकेल, म्हणजे ढोबळमानाने एक टन सोने लागल्याचा हिशेबही ग्रंथात दिला आहे. ३५व्या अध्यायात आणखी दोन गोष्टी येतात. या दोघांना इतरांना शिकवण्याची बुद्धीही मिळाली होती. आणि सूत व बकऱ्यांचे केस कातणाऱ्या स्त्रियांचे कसबही याच कामात मोजले गेले.

मग हे कौशल्य मुळातले की वरून आलेले? निर्गम ३१:६ चे उत्तर मार्मिक आहे. जे आधीच कुशल आहेत, त्यांच्याच मनात देव बुद्धी घालतो. सराव आणि कृपा यांत या वचनाला विरोध दिसत नाही. पण कसब आपोआप पवित्रही ठरत नाही: लगेच पुढच्या अध्यायात मोशेचा भाऊ अहरोन लोकांच्या कानांतली कुंडले वितळवून हत्याराने सोन्याचे वासरू घडवतो.

नव्या करारातील पत्रांमधल्या कृपादानांच्या याद्यांत (रोमकरांस १२, १ करिंथकरांस १२, इफिसकरांस ४) कारागिरी नाही. त्यामुळे काही जण तिला नैसर्गिक गुणच मानतात. उलट बाजूचे म्हणणे असे, की या याद्या एकमेकींशीही जुळत नाहीत, तेव्हा त्या परिपूर्ण नसाव्यात. हा युक्तिवाद बळकट आहे. नव्या करारातल्याच टबीथा या शिष्येने विधवांसाठी शिवलेले कपडे किंवा प्रेषित पौलाचा राहुट्या बनवण्याचा धंदा हे दाखले तितके बळकट नाहीत. तिथे कृपादान हा शब्दच येत नाही आणि पौल तर पोटापाण्यासाठी काम करत होता.

सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या मठ-नियमावलीचा ५७वा अध्याय या विषयावर विलक्षण व्यवहारी आहे. मठातल्या कारागिरांनी नम्रपणे काम करावे. आपल्यामुळे मठाला लाभ होतो असा ज्याला गर्व होईल, त्याचे काम काढून घ्यावे. वस्तू बाहेरच्यांपेक्षा थोड्या स्वस्त विकाव्यात. बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या संन्याशाने रंग, काच आणि धातुकामावर ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत त्याने आत्म्याची सातही दाने (ज्ञान, समज, सल्ला, बळ, विद्या, भक्ती व देवाचे भय) कारागिराच्या कामाशी एकेक करून जोडली आहेत. प्रतिमा घडवणे हे मूर्तिपूजेत मोडते का, हा वाद पूर्वेकडच्या बायझंटाईन साम्राज्यात शतकभराहून अधिक काळ पेटला होता. ७८७च्या दुसऱ्या नायसिया परिषदेने प्रतिमांना मान्यता दिली. चर्चमधील प्रतिमांचा विरोधक असलेल्या सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विननेही बसालेल व अहलियाब यांचा दाखला देऊन सर्व कौशल्य आत्म्याकडूनच येते असे म्हटले, आणि त्यात अश्रद्धांचे कौशल्यही धरले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९मध्ये कलावंतांना लिहिलेल्या पत्रात एक भेद केला: देव शून्यातून निर्माण करतो, माणूस असलेल्या वस्तूला रूप देतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इव्हॅन्जेलिकल (शुभवर्तमानावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळ्यांत कृपादाने ओळखण्याच्या प्रश्नावल्या रूढ झाल्या. त्यांतल्या काहींनी कारागिरी आणि सर्जनशील अभिव्यक्ती यांना स्वतंत्र कृपादाने ठरवले. आवड आणि कृपादान यांची त्यांत गल्लत होते, हा टीकाकारांचा आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. कारण १ करिंथकरांस १२:७ मधली कसोटी आवडीची नसून सर्वांच्या हिताची आहे. त्या कसोटीवर बाकांची डागडुजी करणारा सुतार स्तुतिगीत रचणाऱ्याच्या बरोबरीने उतरतो. मात्र मंडळीसमोर उभे करून प्रार्थना सहसा गायकासाठीच होते.