चौकटी कुणाच्या हुकमात? एडिटरातली पॅनेलं स्क्रिप्टनं हलवण्यामागचा इतिहास

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात कॉम्प्युटरवर मजकुराचं काम करणाऱ्याचं एडिटरातल्या, म्हणजे मजकूर लिहायच्या-दुरुस्त करायच्या प्रोग्रॅमातल्या, एका चौकटीत भागत नाही. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, वाटणीचा कागद मराठीत, बँकेचं पत्र इंग्रजीत. तिन्ही समोर ठेवल्याशिवाय एक ओळ पुढं सरकत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनचे प्रोग्रॅम दुरुस्त करणाऱ्या पोरांचीही तीच तऱ्हा: जुना जी-कोड, म्हणजे मशीनला दिलेल्या हुकमांची यादी, डावीकडं, नवा उजवीकडं, खाली टूलांची यादी. रोज सकाळी या चौकटी माउसनं ओढून लावत बसण्याचं काम चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे एडिटरला हुकूम देणारा छोटा प्रोग्रॅम, करू शकते. ती एका एडिटरात बिनबोभाट चालते, दुसऱ्यात अर्धवट चालते आणि तिसऱ्यात दारातच अडते. याला कारण आहे, आणि ते साठ वर्षं मागं जातं.

गंमत अशी की स्क्रिप्ट आधी आली आणि चौकट मागून. डॅन मर्फी यांनी एमआयटीत १९६२-६३ च्या सुमारास पीडीपी-१ या यंत्रासाठी टेको हा एडिटर लिहिला, तो कागदी टेपवरचा मजकूर दुरुस्त करण्यासाठी. टेकोत दाबलेलं प्रत्येक अक्षर म्हणजे एक हुकूम, आणि हुकमांची माळ साठवून ठेवली की झाला प्रोग्रॅम. वाचायला भयंकर, पण ताकद पुरेपूर. टाइप करता करता मजकूर डोळ्यासमोर बदलत जाण्याची सोय त्यात १९७२ च्या सुमारास आली. मग रिचर्ड स्टॉलमन यांनी हवी ती कळ हव्या त्या मॅक्रोला (साठवलेल्या हुकमांच्या माळेला) जोडण्याची वाट करून दिली. जो तो आपापले मॅक्रो लिहू लागला, आणि एकाचं एडिटर दुसऱ्याला वापरता येईना. गाय स्टील आणि डेव्हिड मून यांच्यासारख्यांच्या खटपटीतून हा पसारा एकत्र बांधला गेला, तो १९७६ चा ईमॅक्स.

बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी १९७८ मध्ये मल्टिक्स प्रणालीसाठी ईमॅक्स लिहिला तो लिस्प भाषेत, आणि १९८५ मध्ये आलेला ग्नू ईमॅक्स त्याच वाटेनं गेला. गाभा सी भाषेत, बाकी जवळजवळ सगळं लिस्पमध्ये. म्हणजे चौकट दुभागण्याची कळ तुम्ही दाबा किंवा स्क्रिप्टमधून हाक मारा, आत चालतं तेच फंक्शन. एडिटर घरमालक आणि स्क्रिप्ट भाडेकरू, असा भेदच नाही.

याची किंमतही मोजावी लागली. कुठलंही पॅकेज (वरून घातलेली जोड) उठून तुमची मांडणी विस्कटू शकतं. मदतीचं पान उघडलं की उजवीकडचा मजकूर गायब, हा अनुभव ईमॅक्स वापरणाऱ्या प्रत्येकाच्या गाठीला असतो. त्यावर उतारा म्हणून मांडणी एक पाऊल मागं नेणारा विनर मोड निघाला, आणि २०१२ च्या २४ व्या आवृत्तीत कोणता बफर (उघडलेला मजकूर) कोणत्या बाजूच्या चौकटीत उघडायचा, याचे नियम एका यादीत लिहून ठेवण्याची पद्धत आली. ज्याला कन्नड कायम डावीकडं आणि मराठी उजवीकडं हवं, त्याला ही यादी आजही सगळ्यात खात्रीची वाटेल. जोडाक्षरं नीट जुळवून दाखवणाऱ्या हार्फबझ या सॉफ्टवेअरचा आधारही ईमॅक्सला २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून मिळाला.

व्हीआय या एडिटरची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत चटका लावणारी. बर्कलीत बिल जॉय यांनी तो धीम्या मोडेमवर चालेल असा लिहिला, त्यामुळं स्क्रीनवर कमीत कमी अक्षरं पाठवायची हा त्याचा धर्म. १९७८ च्या अखेरीस जॉय त्यात एकाहून अधिक चौकटींची सोय घालत होते. स्क्रीन रंगवणारा भाग जवळजवळ नव्यानं लिहून झाला होता. तेवढ्यात नवं व्हॅक्स यंत्र बसवताना टेप ड्राइव्ह बिघडला, बॅकअप नव्हता, आणि लिहिलेला कोड खराब झाला. जॉय यांनी नाद सोडला, आधीच्या आवृत्तीवर परतले आणि माहितीपुस्तिका पुरी करून विषय मिटवला. तो घोळ झाला नसता तर व्हीआयमध्ये चौकटी आल्या असत्या, कदाचित प्रोग्रॅम करण्याची सोयही आली असती, असं त्यांनीच पुढं एका मुलाखतीत सांगितलं.

ती उणीव भरून काढायला ब्राम मोलेनार यांचा व्हिम यावा लागला. पहिली आवृत्ती १९९१ ची, अमिगा कॉम्प्युटरसाठी. चौकटी आल्या १९९४ मध्ये आणि स्क्रिप्टची भाषा १९९८ मध्ये. या क्रमाचा ठसा व्हिमस्क्रिप्टवर उमटलेला दिसतो. माणसानं टाइप करायचे हुकूमच एकाखाली एक लिहिल्यासारखी ती भाषा आहे. शिकायला सोपी, मोठं काम करायला किचकट.

१९९४ मध्येच बेल लॅब्सच्या रॉब पाइक यांनी ॲक्मी या आपल्या एडिटरवरचा निबंध मांडला. त्यांनी स्क्रिप्टची भाषा दिलीच नाही. प्लॅन ९ या प्रणालीत ॲक्मीची प्रत्येक चौकट म्हणजे एक क्रमांकाची डिरेक्टरी, आणि तिच्यात चौकटीच्या मजकुराची एक फाइल, वरच्या पट्टीची एक, हुकमांची एक, घडामोडींची एक. फाइल वाचता-लिहिता येणारी कुठलीही भाषा चालेल. चौकट पुसायची तर हुकमांच्या फाइलीत एक शब्द लिहायचा. इतकी साफ कल्पना पुढं फारशी कुणी उचलली नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

आपल्याकडं मात्र ही मंडळी पुस्तकातच राहिली. विंडोजवर फुकट मिळणारा आणि जुन्या पीसीवरही चालणारा एडिटर म्हणजे डॉन हो यांचा २००३ चा नोटपॅड प्लस प्लस. त्यात प्लगइनला, म्हणजे एडिटरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमला, कडेला चिकटणारी स्वतःची चौकट उघडता येते, आणि पायथन स्क्रिप्ट नावाचं प्लगइन घातलं की वरवरची कामं पायथनमधून करता येतात. दोन प्रोग्रॅम शेजारी लावून फरक रंगात दाखवणारं कंपेअर प्लगइन उद्यमबागेतल्या कामाला चपखल बसतं.

जॉन स्किनर यांचा सब्लाइम टेक्स्ट २००८ चा. त्यात मांडणी आकड्यांत सांगायची असते. उभ्या रेषा शून्य, अर्धा आणि एक या जागी. आडव्या शून्य आणि एक या जागी. आणि कोणता कप्पा कुठल्या रेषेपासून कुठल्या रेषेपर्यंत, याची यादी. झाल्या दोन सारख्या चौकटी. अर्ध्याच्या जागी ०.६ घातलं की डावी रुंद.

आता डाव्या चौकटीत कन्नड नावांची यादी आहे आणि उजवीकडं ती देवनागरीत हवी आहे, असं धरा. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन्ही लिप्यांची अक्षरं एकाच आराखड्यानं मांडलेली आहेत, त्यामुळं कन्नड ‘क’च्या क्रमांकातून ८९६ वजा केले की देवनागरी ‘क’ मिळतो, आणि बहुतेक सगळ्या अक्षरांना हाच हिशेब लागू पडतो. डावीकडं बदल झाला की उजवीकडं लिहिणारी स्क्रिप्ट त्यामुळं अगदी लहान होते. ती निपाणीचं ‘निप्पाणि’ करते आणि खानापूरचं ‘खानापुर’. कन्नडमधल्या ऱ्हस्व ए-ओची चिन्हं मराठीत वापरात नाहीत, ती वेगळी बदलावी लागतात. उरलेलं माणसावर. टायपिंगच्या दुकानात असा संवाद कुणीही ऐकला असेल: “आज्जा, उताऱ्यात आहे तसंच नाव घालू की आपल्यासारखं?” “आपल्यासारखंच घाल की रे, सर्वे नंबर तेवढा चुकवू नको.”

सब्लाइमनं चौकटींची मांडणी खुली ठेवली, पण डावीकडची फाइलींची पट्टी प्लगइनच्या हाती कधी दिली नाही. गिटहब कंपनीच्या ॲटम या एडिटरनं उलटं केलं. २०१४ मध्ये तो लोकांसमोर आला, आतून तो ब्राउझरच होता, आणि प्लगइनला डावं, उजवं, वरचं, खालचं कुठलंही पॅनेल घालता येत असे, एवढंच नव्हे तर स्क्रीनवरच्या कुठल्याही घटकाला हात लावता येत असे. व्हायचं तेच झालं. एक प्लगइन अडखळलं की टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटे. डिसेंबर २०२२ मध्ये ॲटम अधिकृतपणे बंद झाला.

मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड एप्रिल २०१५ मध्ये आला तो या प्रश्नावर पक्की भूमिका घेऊन. प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालणार, स्क्रीनला त्याचा थेट हात लागणार नाही, जे मागायचं ते ठरलेल्या हुकमांतून मागायचं. २०१८ मध्ये चौकटींची जाळीदार मांडणी आली, आणि कोणत्या गटाला किती वाटा हे एका हुकमातून सांगता येऊ लागलं. वेबव्ह्यू, म्हणजे प्लगइनला स्वतःचं वेबपान दाखवता येईल अशा चौकटी, दिले, पण कुंपणाच्या आत. व्हिममधूनच निघालेल्या निओव्हिमनं दुसरी वाट धरली: २०१४ पासून गाभा आणि चेहरा वेगळे, मध्ये संदेशांची देवाणघेवाण, २०१९ मध्ये तरंगत्या चौकटी आणि २०२१ मध्ये सगळी जुळणी लुआ भाषेत लिहिण्याची मुभा.

व्हीएस कोडमध्ये कुंपण ओलांडणारे आहेतच. एडिटरच्याच फाइलींत स्वतःची सीएसएस (रंगरूप ठरवणारे नियम) घुसवून साइडबार हवा तसा करणारी एक्स्टेंशनं मिळतात. ती वापरली की एडिटर पुढच्या वेळी उघडताना आपलं इन्स्टॉलेशन बिघडल्याची सूचना देतो आणि शीर्षकपट्टीत ‘अनसपोर्टेड’ असा शिक्का मारतो. सूचना पुन्हा दाखवू नका, हा पर्यायही त्या सूचनेतच मिळतो. एडिटरची नवी आवृत्ती आली की घुसवलेलं सगळं पुसलं जातं आणि ते परत घालावं लागतं.