पिंक पँथर बोलला म्हणजे तो ९३चाच, असं नाही

‘नव्वदच्या दशकातली ती पिंक पँथरची मालिका आठवते का? एक शब्द न बोलता पोट धरून हसवायचा!’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर आलंय की आता हसूही येत नाही. नव्वदच्या दशकात बनलेल्या पिंक पँथरच्या मालिकेत पँथर बोलतो, आणि चांगला भरभरून बोलतो. जो बोलत नव्हता तो त्याच्याही तीसेक वर्षं आधीचा, नव्वदीत टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागणारा. नव्वदीत पाहिलं म्हणजे नव्वदीत बनलं, या हिशेबानेच निम्मा घोळ होतो.

जुना पँथर सगळ्यांच्या ओळखीचा आहे, म्हणून भराभर. ब्लेक एडवर्ड्सच्या १९६३च्या चित्रपटात ‘पिंक पँथर’ हे एका हिऱ्याचं नाव होतं. त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीसाठी डीपॅटी-फ्रेलेंग स्टुडिओने गुलाबी प्राणी काढला, संगीतकार हेन्री मॅन्सिनीच्या सॅक्सोफोनवाल्या धूनवर तो डुलत आला आणि हिऱ्यापेक्षा मोठा झाला. १९६४मध्ये ‘द पिंक फिंक’ हा त्याचा पहिला स्वतंत्र कार्टूनपट आला, त्याला ऑस्करही मिळालं. हे सगळं थिएटरसाठी होतं. १९६९पासून एनबीसी या अमेरिकन टीव्ही वाहिनीने हेच कार्टूनपट एकत्र बांधून टीव्हीवर आणले. १९७८मध्ये एबीसी या दुसऱ्या वाहिनीसाठी आणखी ३२ नवे झाले. सगळे मिळून १२४. बिनबोलका पँथर ज्यांना आठवतो त्यांनी बहुतेक या १२४पैकीच काहीतरी पाहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे एमजीएम या चित्रपट कंपनीने १९९३मध्ये अमेरिकेत आणलेली मालिका. भाग ६०. पँथरला आवाज मॅट फ्रूअरचा, म्हणजे ऐंशीच्या दशकात टीव्हीवर मॅक्स हेडरूम हे कॉम्प्युटरी पात्र साकारणाऱ्या नटाचा. मॅन्सिनीची धून आहे, पण नव्वदीच्या ठेक्यात बसवलेली.

इथवर समजलेला माणूस पुढच्या वळणावर हमखास पडतो. तो म्हणतो, ‘सोपं आहे की! बोलला तर ९३चा, गप्प असला तर जुना.’ ही कसोटी दोन्ही बाजूंनी फसते.

१९६५मध्येच पँथर दोनदा बोलला आहे. ‘सिंक पिंक’मध्ये एक शिकारी जहाज बांधून जगभरचे प्राणी एकत्र गाठू पाहतो. त्यात पँथर सगळा वेळ नेहमीसारखा गप्प असतो आणि अगदी शेवटी तोंड उघडतो. त्याच वर्षीच्या ‘पिंक आइस’मध्ये हिऱ्यांच्या चोरीची भानगड आहे आणि तिथे तो खुशाल संभाषण करतो. दोन्हीकडे आवाज रिच लिटलचा. म्हणजे ‘१९९३मध्ये पँथर पहिल्यांदा बोलला’ हे जे ठासून सांगितलं जातं ते चूक आहे. कृपा करून थांबवा. शिवाय ‘पिंकफिंगर’सारख्या कार्टूनपटात पडद्यामागून निवेदक बोलत असतो आणि पँथर मुका असतो, तोही काहींच्या आठवणीत ‘बोलका’ होऊन बसतो.

उलट बाजूने पाहिलं तर १९८४च्या ‘पिंक पँथर अँड सन्स’मध्ये पोरं बोलतात, बाप गप्प. २०१०च्या ‘पिंक पँथर अँड पॅल्स’मध्ये पँथर पुन्हा मुका. यांतलं काहीही साठच्या दशकातलं नाही.

मग ओळखायचं कसं? आवाज आहे की नाही हे सोडा, विनोद कशावर उभा आहे ते बघा. ‘द पिंक फिंक’ घ्या. बुटक्या माणसाला घर निळं रंगवायचंय, पँथरला गुलाबी. पँथर त्याच्याशी भांडत नाही, त्याचा रागही करत नाही. माणसाची पाठ वळली की खांब गुलाबी झालेला असतो, बस. वैतागून माणूस गुलाबी रंग जमिनीत पुरतो, तर तिथून गुलाबी गवत आणि झाडं उगवतात. या सगळ्यात पँथरच्या मनात काय चाललंय ते कोणी सांगत नाही आणि त्या न सांगण्यातच गंमत आहे. त्याची चाल, भुवईची एक हालचाल आणि सॅक्सोफोन एवढ्यावर काम भागतं. ‘पिंक आइस’मध्ये तो बोलतो, तरी स्वभाव हाच. समोरचे धडपडतात, हा जागचा हलत नाही.

१९९३च्या पँथरला मात्र प्रत्येक गोष्टीवर मत आहे. संकट येण्याआधी तो बोलतो, आल्यावर बोलतो आणि टळल्यावर शेरा मारतो. डोळ्यांनी दिसलेला विनोद कानांनी पुन्हा ऐकावा लागतो. जुन्यात बुचकळ्यात पडायचं काम समोरच्याचं होतं, इथे पुष्कळदा ते पँथरच्या गळ्यात येतं, आणि गोंधळलेला पँथर म्हणजे मग कोणताही गोंधळलेला प्राणी. दोष फ्रूअरचा नाही. त्याचा आवाज हलकाफुलका आहे, नटाने त्याचं काम चोख केलंय. लिहिणाऱ्यांना शांततेची धास्ती होती, एवढंच. मी जुन्याच्या बाजूचा आहे, लपवत नाही. तरी नव्या मालिकेतली एक गोष्ट मला मनापासून आवडते. जुन्या कार्टूनपटांतली मुंगी आणि तिला खायला टपलेला आर्डवार्क ही जोडी त्यांनी परत आणली आणि दोघांनाही जुनाच आवाज ठेवला, जॉन बायनरचा.

किरकोळ गोंधळ दोन वाक्यांत. चित्रपटातल्या फ्रेंच पोलीस इन्स्पेक्टरवरून काढलेले कार्टूनपट ही वेगळी मालिका, तो पँथरच्या मागावर नसतो. आणि तो मोठ्या नाकाचा पांढरा बुटका जुन्यात जवळजवळ कायम मुका आहे, ९३मध्ये त्यालाही वाचा फुटली.

राहिला हशा. एनबीसीने थिएटरच्या कार्टूनपटांवर मागाहून प्रेक्षकांचा रेकॉर्ड केलेला हशा चिकटवला, त्यामुळे एकच कार्टूनपट हशासकट आणि हशाविना असा दोन्ही रूपांत सापडतो. हशा ऐकू आला म्हणून ती ‘टीव्हीसाठी बनवलेली नवी मालिका’ ठरत नाही. निवडायची मुभा असेल तर बिनहशाची प्रत घ्या. तो हशा नेमका त्या जागी येतो जिथे मॅन्सिनीची धून अर्धा क्षण थांबलेली असते, आणि मग ती थांबलेली होती हे कळतच नाही.